बारापैकी तीनच मार्कर चालले, आता काय?

प्रश्न: तीन तळ्यांतल्या एकाच जातीच्या बेडकांचा अभ्यास करतोय. दुसऱ्या जातीसाठी बनवलेले 12 मायक्रोसॅटेलाइट मार्कर (डीएनएवरच्या ओळखखुणा) वापरून बघितले, त्यातले 3च चालले. त्यातही एका मार्करला जवळपास सगळे बेडूक होमोझायगस (आईबापांकडून आलेल्या दोन्ही प्रती सारख्याच) येतायत. इनब्रीडिंग (जवळच्या नात्यात प्रजनन) झालंय असं समजायचं का?

उत्तर: नाही, एवढ्यावरून अजिबात नको! आधी 3च का चालले ते बघू. बेडकांच्या जातींमध्ये एकीचे प्रायमर (मार्करच्या बाजूला चिकटून त्याच्या प्रती काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) दुसरीला लागू पडणं तसंही अवघडच असतं, कारण मायक्रोसॅटेलाइट म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो आणि प्रायमर चिकटतो तो त्याच्या आजूबाजूच्या भागाला, आणि जाती वेगळ्या होऊन बराच काळ गेला की तो भागही बदललेला असतो.

तुमच्या त्या एका मार्करचं दुखणं बहुतेक हेच आहे. प्रायमरच्या जागी बदल झालेला असला की तो अलील (मार्करचं ते रूप) पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढताना, वाढतच नाही, त्याला नल अलील म्हणतात. मग बेडकाकडे खरं तर दोन वेगळे अलील असतात पण आपल्याला एकच दिसतो आणि आपण त्याला होमोझायगस लिहून मोकळे होतो. इनब्रीडिंग असतं तर त्याचा परिणाम तिन्ही मार्करवर कमीजास्त दिसला असता. आणखी एक बघा, त्याच मार्करला काही सॅम्पल पुन्हा पुन्हा करूनही रिकामेच येतायत का, आणि तेच सॅम्पल बाकीच्या दोन मार्करना नीट येतात का? तसं असेल तर संशय पक्काच.

सॅम्पल कुठून घेतले ते तुम्ही लिहिलं नाहीये. एकाच ठिकाणची बेडूकपिल्लं उचलली असतील तर ती एकाच अंडपुंजातली सख्खी भावंडं असू शकतात आणि मग सगळा हिशोबच चुकतो, त्यामुळे मोठे बेडूक घ्या, तोंडातून स्वॅब घेतला तरी डीएनए मिळतो, बोट कापायची गरज नाही, आणि माझ्या मते जिथे जमतं तिथे कापूच नये.

3 मार्करवर तळ्यांची तुलना करू नका, आपल्याच जातीचे नवे बनवा. आता क्लोनिंगच्या खटाटोपाची गरज नाही, एका बेडकाचं थोडंसं सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) केलं तरी सॉफ्टवेअर रिपीट शोधून देतं. त्यातले चार बेसचे (डीएनएच्या चार अक्षरांचे) रिपीट आधी निवडा, दोन बेसच्या रिपीटला स्टटर (खऱ्या अलीलच्या शेजारी दिसणारे खोटे तुकडे) जास्त येतो आणि अलील वाचताना फार घोळ होतो. मग प्रत्येक तळ्यातल्या 20-30 मोठ्या बेडकांवर ते तपासा, आणि जो मार्कर तिन्ही तळ्यांत हार्डी-वाइनबर्गच्या (बेडूक मोकळेपणाने मिसळत असतील तर अपेक्षित असलेल्या अलीलजोड्यांच्या प्रमाणाच्या) बाहेर जातो तो कितीही आवडला तरी काढून टाका.