मसाल्याच्या लाइनवर मेटल डिटेक्टर कन्व्हेयर कुठे आणि कसा बसवावा?

तुमचं कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याचं छोटं युनिट आहे, मोठं गिऱ्हाईक मेटल डिटेक्टर मागतंय, आणि तो पॅकिंगच्या आधी बसवायचा की नंतर, बसवताना काय बघायचं, हा तुमचा प्रश्न. मी शिरोली एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. असे तीन कन्व्हेयर उभे केलेत. पहिल्यानं पार रडवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा पाऊच बघा. अॅल्युमिनियम फॉइलचा असेल तर डिटेक्टर पॅकिंगच्या आधीच लागणार, कारण फॉइल म्हणजे धातूच. साधा प्लास्टिकचा असेल तर सील झाल्यावर, बॉक्स भरायच्या आधी बसवा. सील झाल्यावर आत काही पडायची भीती उरत नाही. मेटलाइज्ड फिल्मवर (धातूचा पातळ मुलामा दिलेल्या प्लास्टिकवर) काम चालतं, पण बारीक तुकडा पकडायची ताकद घटते.

ऑर्डर द्यायच्या आधी स्वतःचा माल घेऊन सप्लायरकडे जा. मीठ, तेल आणि ओल असलेला माल डिटेक्टरला थोडा धातूसारखाच भासतो. कोरड्या मिरची पुडीवर जो आकडा ते दाखवतील तो कांदा-लसूण मसाल्यावर मिळेलच असं नाही. शिवाय नुकताच दळलेला गरम माल आणि रात्रभर पडून राहिलेला माल, दोघांचा सिग्नल वेगळा येतो. माल थंड करूनच बेल्टवर सोडा. आणि डिटेक्टरचं तोंड पाकिटापुरतंच घ्या. 'पुढं मोठं पाकीट काढू' म्हणून उंच तोंड घेतलं की मधोमध जाणारा बारीक कण निसटतो.

आता जागा. डिटेक्टरच्या डोक्यात एक कॉइल लहरी सोडते, दोन बाजूच्या दोन कॉइल त्या घेतात, आणि तो तोल बिघडला की अलार्म. म्हणून आजूबाजूला धातू नको. साधा हिशेब असा की तोंड 150 मिमी उंच असेल तर दोन्ही बाजूंना न हलणारा धातू सव्वादोनशे मिमी आणि हलणारा 300 मिमी तरी लांब असावा. नक्की आकडा मॅन्युअलमधलाच धरा. बेल्टच्या जोडात धातूची क्लिप चालणार नाही. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आणि मोटरच्या केबल वेगळ्या मार्गानं न्या, सप्लाय स्वतंत्र द्या, अर्थिंग चोख ठेवा. एप्रिल-मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचं काम आमच्याकडे वॉचमन मामांना नेमून दिलंय.

एवढं सगळं करूनही आमचा पहिला डिटेक्टर चांगली पाकिटं फेकत होता. दुपारपर्यंत रिजेक्टचा डबा काठोकाठ. सप्लायरचा माणूस दोनदा आला, सेन्सिटिव्हिटी कमी करून गेला. हा उपाय नव्हे, आंधळं करणं झालं. शेवटी आमच्या फिटर मामांनी लाकडी हातोडी घेतली आणि फ्रेमवर ठिकठिकाणी टकटक करत गेले. एका साइड गार्डवर ठोकलं की अलार्म! "साहेब, ह्याचा एक बोल्ट ढिला हाय." पल्वरायझर, म्हणजे मसाला दळायचं मशीन, सुरू झाला की तो गार्ड थरथरायचा, फ्रेमला लागायचा-सुटायचा, आणि लागला की फ्रेमचं बंद कडं तयार होऊन त्यात करंट फिरायचा. एका टोकाला नायलॉनचा बुश आणि वॉशर घातला, दुसरं टोक घट्ट आवळलं, मग सेन्सिटिव्हिटी परत वर नेली. तेव्हापासून शांत. आणि एक सांगतो, डिटेक्टर बसल्यावर त्या फ्रेमवर वेल्डिंग करू देऊ नका. करावंच लागलं तर डोकं आधी उतरवा.

चाचणी तुकडे तीन लागतात. लोखंड, बिगर-लोखंडी धातू आणि स्टेनलेस स्टील. स्टेनलेस सगळ्यात अवघड. लोखंडाचा 1.5 मिमीचा गोळा पकडणारं मशीन स्टेनलेसचा अडीच-तीन मिमीपर्यंत सोडू शकतं. दर तासाला तिन्ही तुकडे मालासोबत, बेल्टच्या मधोमध पाठवा, आणि पाकीट खरंच डब्यात पडतंय का ते डोळ्यानं बघा, नुसता अलार्म ऐकून सोडू नका. वेग बदलला की रिजेक्टचा टायमिंग चुकतो आणि शेजारचं पाकीट उडतं. एखादी चाचणी फेल गेली तर मागच्या पास चाचणीनंतरचा सगळा माल अडवून डिटेक्टरमधून परत फिरवायचा. डब्याला कुलूप, किल्ली क्वालिटीवाल्याकडे. ऑपरेटरकडे दिली की पाकीट गुपचूप परत लाइनवर येतं, हे मी पाहिलंय.

गिरणीच्या आधी मॅग्नेट लावाच, खिळे-बोल्ट तिथंच अडकतात. पण चाळणीची स्टेनलेस तार मॅग्नेटला सहसा चिकटत नाही, आणि बारीक तार कशी आडवी-उभी जाते त्यावर डिटेक्टरला ती दिसणं-न दिसणं ठरतं. आमच्या डब्यात पहिल्या महिन्यात निघाली ती अशीच, बोटाच्या पेरापेक्षा लहान तार. तेव्हापासून दर शिफ्टला चाळणी उतरवून ट्यूबलाइटसमोर धरतो, भोक दिसलं की ती चाळणी बाद.