सगळेच नवशिके, मग शिकवणार कोण?

प्रश्न : आमच्या हिशेब विभागाचं सगळं काम आता एक्सेलवर आलं आहे. दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं, पण जागेवर येऊन बसल्यावर हात चालेना. म्हणून आम्ही सहा जण दर बुधवारी काम संपल्यावर तासभर एकत्र बसतो. मी ५२ वर्षांचा, सर्वांत धाकटी सहकारी २६ची. आमच्यात तज्ज्ञ कोणीच नाही. आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवावी असं तर होत नाहीये ना? शिवाय बोलतात दोघेच, बाकीचे माना डोलावतात. हे चालू ठेवावं का?

उत्तर : जरूर ठेवा. फक्त बसण्याची रीत बदला.

तज्ज्ञ नाही याची धास्ती आधी सोडा. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गात झालेला एक अभ्यास २००९ साली ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत छापून आला. विद्यार्थ्यांनी एका प्रश्नाचं उत्तर आधी एकेकट्यानं दिलं, मग शेजाऱ्यांशी चर्चा करून पुन्हा दिलं. त्यानंतर त्याच तत्त्वावरचा दुसरा प्रश्न आला, तो पुन्हा ज्याचा त्यानं सोडवायचा. चर्चेनंतर तोही जास्त जणांना सुटला. सुरुवातीला ज्या गटांत बरोबर उत्तर कोणालाच येत नसावं असं आकडे सांगत होते, तिथेही फरक पडला. म्हणजे शेजाऱ्याचं उत्तर नुसतं उचललं असं म्हणता येत नाही, वाद घालता घालता समज आली.

पण यातला क्रम नीट बघा. आधी स्वतःचं उत्तर, मग बोलणं. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर १९९१पासून याच क्रमानं वर्ग घेत आले. तुमच्याकडे माना डोलतात, कारण विचार करायच्या आतच उत्तर कानावर पडतं. तेव्हा प्रश्न मांडला की दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून आपापलं उत्तर कागदावर लिहावं. मग ज्यांची उत्तरं जुळत नाहीत त्यांना शेजारी बसवा आणि ‘असं का?’ एवढंच विचारू द्या. आणि माऊस ज्याला येत नाही त्याच्या हातात. जो भराभर बोलतो त्यानं हात मागे ठेवून फक्त तोंडी सांगायचं. ही अट मी माझ्या प्रौढांच्या वर्गात कधीच सोडत नाही.

त्या वर्गातला एक प्रसंग सांगते. एका बाईंनी सूट काढण्याचं सूत्र लिहिलं : बी-२ या चौकटीतली रक्कम गुणिले एफ-१ या चौकटीतला दर. पहिल्या ओळीत आकडा बरोबर आला, सूत्र खाली ओढलं तर शून्य. मदतपुस्तिकेत यावरच्या उपायाला ‘अ‍ॅब्सोल्यूट रेफरन्स’ म्हणतात, आणि ते वाचून त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. शेजारचे गृहस्थ आदल्याच आठवड्यात तिथेच अडकलेले. ते म्हणाले, ‘‘ओढलंत ना, की पत्तापण खाली घसरतो. त्या शून्यावर क्लिक करा. बघा, एफ-१चं एफ-२ झालंय, आणि तिथे काहीच नाही. एफच्या आधी आणि एकच्या आधी डॉलरचं चिन्ह टाका, मग हलायचा नाही.’’ बाईंनी टाकलं, जमलं. लगेच त्यांनी विचारलं, ‘‘मग बी-२लाही लावू का?’’ गृहस्थ थांबले. हे त्यांनी कधी मनात आणलंच नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाले, ‘‘नको. दर एकच आहे, रक्कम ओळीगणिक बदलते. तिला घसरू दे.’’ माझ्या मते त्या दिवशी जास्त शिकले ते हे गृहस्थ. मुरलेल्या माणसाला आपण एकेकाळी कुठे अडलो होतो हेच आठवत नाही. नुकतंच शिकलेल्याला ते ठिकाण अजून आठवत असतं.

चुकीचं शिकण्याची तुमची भीती मात्र रास्त आहे. म्हणून प्रत्येक उत्तराला ताळा हवाच. कोणत्याही तीन ओळी हातानं गुणून बघा. आणि कराचा दर, मुदत, नियम असल्या गोष्टी चर्चेतून ठरवू नका. त्या परिपत्रकातच बघायच्या, तिथे सहा जणांचं एकमत कवडीच्या कामाचं नाही.

वयाचं म्हणाल, तर त्या धाकट्या सहकारीला कीबोर्डवरच्या कळा भराभर सापडत असतील, पण अमुक खात्यात एवढी बाकी असूच शकत नाही, हे तुम्हाला नजरेनं कळतं. हे तिला शिकायचंय. मोकळेपणानं सांगत चला.

प्रश्न : मला काम चांगलं येतं, म्हणून दिवसभर सगळे मलाच विचारायला येतात. माझं काम मागे पडतं. नाही म्हटलं तर वाईट दिसतं.

उत्तर : नाही म्हणू नका, पण उत्तरही हातात देऊ नका. आधी ‘तुम्ही काय करून पाहिलंत?’ हे विचारा. निम्म्यांना सांगता सांगताच आपली चूक दिसते. उरलेल्यांना एकदाच दाखवा आणि पुढच्या वेळी तोच प्रश्न घेऊन येणाऱ्याला त्यांच्याकडे पाठवा.

झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांमध्ये राहून ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञानं त्यांचं काम बारकाईनं पाहिलं होतं. पुस्तिकेत न सापडणारे बिघाड ते जेवताना, चहा पिताना एकमेकांना गोष्टीसारखे सांगत, आणि त्यातूनच पुढचा बिघाड सुटे. तुमच्याकडेही दिवसातली एखादी ठरलेली वेळ अशा गप्पांना द्या, अडलेले सगळे तेव्हा एकत्रच येऊ देत. इतर वेळी ‘चारला बोलू’ म्हटलंत तर कोणी वाईट वाटून घेणार नाही.