जाहिरात खातं बंद पडलं? आधी कुलूप कुठे लागलंय ते बघा

या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत: चालू जाहिराती अचानक थांबल्या, खातं बंद झालं, आता काय करू? त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. जवळजवळ सगळे फेसबुक-इन्स्टाग्रामचे असल्यामुळे उत्तरंही त्यांची मालक कंपनी मेटा हिच्या व्यवस्थेला धरून दिली आहेत.

प्रश्न : मी हातानं विणलेल्या शाली आणि टोप्या ऑनलाइन विकते. काल सकाळी मोबाइल उघडला तर लाल पट्टी, ‘तुमचं अ‍ॅड अकाउंट डिसेबल केलं आहे’. हंगाम ऐन भरात आहे. दुसऱ्या ईमेलवरून नवीन खातं काढून जाहिराती सुरू करू का?

नको. ताई, तुमची घालमेल मला कळते. हंगामातला एकेक दिवस मोलाचा असतो. पण नेमकी हीच घाई सगळ्यात महाग पडते. बंदी चुकवण्यासाठी दुसरं खातं काढणं हे मेटाच्या नियमांत स्वतंत्र उल्लंघन आहे. तेच कार्ड, तोच फोन, तीच वेबसाइट, तेच पेज यावरून नवं खातं जुन्याशी जोडलं जातं आणि तेही बंद होतं. पहिली बंदी कदाचित यंत्राच्या चुकीनं आली असेल. दुसरी मात्र तुमच्या कृतीमुळे येते, आणि मग पहिल्या खात्याची बाजू मांडणंही अवघड होऊन बसतं.

आधी कुलूप कुठे लागलंय ते बघा. ‘खातं बंद झालं’ असं आपण सरसकट म्हणतो, पण आत चार वेगळी दारं आहेत. एक तुमचं स्वतःचं फेसबुक प्रोफाइल. दुसरं व्यवसायाचं पेज. तिसरं अ‍ॅड अकाउंट, म्हणजे जिथून पैसे जातात ते. चौथं या सगळ्यांना एकत्र बांधणारं बिझनेस पोर्टफोलिओ, ज्याला बरेच जण अजून बिझनेस मॅनेजरच म्हणतात. यातलं नेमकं कोणतं अडकलंय हे ‘बिझनेस सपोर्ट होम’ या पानावर दिसतं. पूर्वी याला ‘अकाउंट क्वालिटी’ म्हणायचे. तिथे प्रत्येकाच्या नावापुढे स्थिती लिहिलेली असते. त्यावर दाबलं की कारण आणि पुढचा मार्ग दिसतो.

एवढं बघण्याचं कारण असं, की फक्त अ‍ॅड अकाउंट बंद असेल तर पेज शाबूत असतं, ग्राहकांचे मेसेज येत राहतात. पण तुमच्या प्रोफाइलवरच जाहिरात करायला बंदी असेल, तर अ‍ॅड अकाउंटसाठी कितीही अर्ज केले तरी उपयोग नाही. आधी ओळख पटवावी लागते. मी पाहिलेल्या अनेक प्रकरणांत लोक आठवडाभर चुकीचंच दार ठोठावत होते.

त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. पुढे मजकूर बदलू शकतो.

प्रश्न : रिव्ह्यू, म्हणजे फेरतपासणी, मागताना नेमकं काय लिहायचं? मी ‘कृपया माझं खातं सुरू करा, मी काहीही चूक केलेली नाही’ असं लिहिलं होतं. एका दिवसात नकार आला.

कारण त्या वाक्यात तपासणाऱ्याला धरायला काहीच नाही. पलीकडे माणूस असो की यंत्रणा, त्यांच्यापुढे अशा अर्जांचा ढीग असतो आणि ‘मी निर्दोष आहे’ असं प्रत्येकच लिहितो. तुमच्या अर्जात तपासून बघता येईल असं काहीतरी हवं. वरच्या शालीवाल्या ताईंसाठी मी असा मसुदा सुचवेन:

‘आमचा हातानं विणलेल्या शाली आणि टोप्यांचा व्यवसाय आहे. खातं बंद झालं त्या आठवड्यात एकच जाहिरात चालू होती, तिच्यात आमच्याच मालाचे फोटो होते. जाहिरातीतली वस्तू आणि वेबसाइटवरची वस्तू एकच आहे. वेबसाइटवर परताव्याच्या अटी दिलेल्या नव्हत्या, त्या आता टाकल्या आहेत. खात्याची पुन्हा तपासणी व्हावी.’

पाच वाक्यं पुरे. रागाचा शब्द नको, आर्जवं नकोत, वकिलाची धमकी नको. खरोखर काही राहून गेलं असेल तर ते आधी दुरुस्त करा आणि मगच लिहा. न केलेली चूक मात्र ‘लवकर सुटेल’ म्हणून कबूल करू नका.

काही वेळा लिहायला जागाच नसते, फक्त ‘रिक्वेस्ट रिव्ह्यू’चं बटण असतं आणि ओळखपत्र मागतात. इथे साध्या गोष्टींवर अर्ज अडतो. ओळखपत्रावर पूर्ण नाव आणि प्रोफाइलवर लाडाचं नाव. फोटोत कार्डाचा एक कोपरा कापलेला. प्लास्टिकच्या कव्हरवर ट्यूबलाइटची चकाकी, नेमकी जन्मतारखेवर. कार्ड कव्हरमधून काढा, गडद पृष्ठभागावर ठेवा, दिवसाच्या उजेडात फोटो घ्या, चारही कोपरे दिसू द्या. अर्ज बऱ्याचदा एकदाच करता येतो, म्हणून ही दहा मिनिटांची मेहनत जिवावर आली तरी करा.

आणि मुदत पाळा. प्रोफाइल सस्पेंड झालं असेल तर दाद मागायला 180 दिवस मिळतात, त्यानंतर ते कायमचं जातं. बाकी बंद्यांची मुदत त्या-त्या सूचनेत लिहिलेली असते, ती वाचून कॅलेंडरवर टाका.

प्रश्न : माझे व्यायामाचे ऑनलाइन वर्ग आहेत. जाहिरातीत एक शब्द खोटा नाही, तरी ती पाच वेळा नाकारली आणि सहाव्या वेळी खातंच बंद झालं. खरं सांगणं हा गुन्हा आहे का?

तुमची जाहिरात मी वाचली. पहिलीच ओळ आहे, ‘तुमच्या वाढलेल्या वजनानं तुम्ही हैराण झाला आहात का?’ त्याखाली दोन फोटो, एक आधीचा, एक तीन महिन्यांनंतरचा. दोन्ही खरे आहेत याबद्दल मला शंका नाही. पण इथे खरंखोटं हा मुद्दाच नाही.

मेटाचा एक नियम फार थोड्या जाहिरातदारांना ठाऊक असतो. वाचणाऱ्याचा आजार, शरीर, धर्म, वय, आर्थिक अडचण असं काही आपल्याला माहीत आहे, असं जाहिरातीतून सूचित करायचं नाही. ‘तुम्ही कर्जबाजारी आहात का?’ हे चालत नाही. ‘कर्जाचं नियोजन शिकवणारा वर्ग’ हे चालतं. विचार करून पाहा, हा नियम मला योग्यच वाटतो. रात्री एकटं बसून फोन चाळणाऱ्या माणसाला पडद्यानं ‘तू जाड आहेस’ म्हणणं क्रूर आहे, मग आपला हेतू कितीही चांगला असो. आधी-नंतरच्या फोटोंचंही तेच. वजनाच्या बाबतीत ते मनात न्यूनगंड निर्माण करतात म्हणून अडतात.

तुमची ओळ अशी करा: ‘गुडघ्यांवर ताण न देता करता येणारे व्यायाम. रोज वीस मिनिटं, घरच्या घरी.’ फोटोत वर्ग चालू असतानाचं दृश्य द्या. मी पैज लावत नाही, पण अशा मजकुराला अडवायला काही कारण उरत नाही.

आता त्या पाच वेळांबद्दल. जाहिरात नाकारली की बरेच जण तिचीच प्रत काढून पुन्हा टाकतात, या वेळी सुटेल म्हणून. तपासणी मुख्यतः यंत्राकडून होते, साधारण चोवीस तासांच्या आत. तेच चित्र, तीच ओळ परत-परत आली की यंत्रणेच्या दृष्टीनं तुम्ही नियम माहीत असूनही मोडणारे ठरता. एक जाहिरात नाकारली जाणं ही किरकोळ गोष्ट आहे. त्यांची रांग लागणं खातं घालवतं. म्हणून पहिल्या नकारालाच थांबा, कारण वाचा, बदल करा. चुकून नाकारलीय असं वाटलं तर त्या जाहिरातीपुरता रिव्ह्यू मागा.

वेबसाइटचं पानही तपासलं जातं, हे विसरू नका. जाहिरात सौम्य आणि तिच्यावरून उघडणाऱ्या पानावर ‘सात दिवसांत खात्रीशीर फरक’ असं असेल, तर मेहनत वाया गेली. आणि एकदा मंजूर झालेली जाहिरात पुन्हा तपासणीला जाऊ शकते, तेव्हा मंजुरीनंतर पान बदलून टाकण्याची युक्ती कुणी सुचवली तर त्याचं ऐकू नका.

जाता जाता : यूट्यूबवरच्या जाहिराती गूगल अ‍ॅड्समधून जातात आणि तिथली पद्धत वेगळी आहे. काही नियमांसाठी तिथे आधी ताकीद मिळते, मग पहिल्या स्ट्राइकला तीन दिवस खातं थांबतं, दुसऱ्याला सात दिवस आणि तिसऱ्याला सस्पेंड होतं. मात्र गंभीर उल्लंघन असेल तर ताकीदही मिळत नाही.

प्रश्न : कार्डाची मुदत संपली होती, पैसे कापले गेले नाहीत, जाहिराती बंद. हेही सस्पेन्शनच का?

नाही, ही थकबाकी आहे. बिलिंगमध्ये जाऊन नवीन कार्ड जोडा, बाकी रक्कम भरा, बहुधा खातं आपोआप सुरू होतं. फक्त नकार आलेलं कार्ड दहा वेळा दाबून बघू नका आणि एकामागून एक चार जणांची कार्डं जोडू नका. चोरीची कार्डं वापरणारे असंच करतात, त्यामुळे यंत्रणेला तुमचाही संशय येतो. एक कार्ड, शक्यतो व्यवसायाच्या किंवा तुमच्याच नावाचं.

प्रश्न : रात्रीत कुणीतरी आमच्या खात्यावरून भलत्याच वस्तूंच्या जाहिराती चालवल्या. सकाळी पैसेही गेलेले आणि खातंही बंद. पासवर्ड कुणालाच दिला नव्हता, टू-फॅक्टरही, म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा कोडही, चालू होतं. हे झालं कसं?

पासवर्ड न देताही हे होतं. आपण एकदा लॉगिन केलं की ब्राउझर त्याची एक खूण जपून ठेवतो, म्हणून दर वेळी पासवर्ड विचारला जात नाही. ती खूणच चोरली की टू-फॅक्टर आडवं येत नाही. 2022 मध्ये ‘डकटेल’ नावाचा मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, उघडकीस आला, तो खास फेसबुकची बिझनेस खाती बळकावण्यासाठीच बनवलेला होता. 2023 मध्ये चॅटजीपीटीच्या नावानं बनावट ब्राउझर एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी टूल्स) निघाली, त्यांचंही काम हेच. तुमच्या कॉम्प्युटरवर अलीकडे कुणी एखादं फुकटचं टूल, ‘ऑर्डरची यादी’ म्हणून आलेली झिप फाइल किंवा एक्स्टेन्शन घेतलं का, ते आठवा.

म्हणून पहिलं काम दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून करा. तिथून पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा. त्यानं चोरलेली खूण निकामी होते. बँकेला सांगून कार्ड थांबवा. मग फेसबुकच्या हॅक झालेल्या खात्यांसाठीच्या पानावर तक्रार करा आणि बिझनेस सपोर्टमध्ये अनधिकृत खर्चाची नोंद करा. बँकेत चार्जबॅक, म्हणजे कार्डातून गेलेले पैसे परत, मागण्याआधी ही तक्रार गेलेली असू द्या, कारण पैसे परस्पर उलटे फिरले की त्याच कारणावरून खातं पुन्हा अडकू शकतं.

यानंतरचं काम बरेच जण सोडून देतात. बिझनेस सेटिंग्जमध्ये माणसांची यादी उघडा आणि एकेक नाव वाचा. एकदा एका व्यावसायिकाशेजारी बसून मी ही यादी पाहत होते. पाच नावं होती, पाचही ओळखीची. मग लक्षात आलं की त्यांच्या भाचीचं नाव दोनदा आहे, एकदा बरोबर आणि एकदा एका अक्षराच्या फरकानं. ते दुसरं नाव पूर्ण अधिकार असलेलं अ‍ॅडमिन होतं. पासवर्ड तीनदा बदलूनही चोर घरातच होता. नावांसोबत ‘पार्टनर्स’, जोडलेली अ‍ॅप्स आणि स्वीकारायची राहिलेली आमंत्रणंही तपासा.

अर्जात चोरट्याच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट, त्यांची वेळ आणि अनोळखी लॉगिनची नोंद द्या. खातं परत मिळालं की ‘अकाउंट स्पेंडिंग लिमिट’ लावा. पुन्हा कुणी घुसलं तरी त्या रकमेपुढे खर्च जाणार नाही.

प्रश्न : एक जण म्हणतो, ‘आमची आत ओळख आहे, दोन दिवसांत खातं सोडवून देतो.’ आगाऊ पैसे मागतोय. द्यावेत का?

एक पैसाही देऊ नका. असे लोक बंद खात्यांच्या तक्रारी वाचूनच तुमच्यापर्यंत येतात. पैसे तर जातातच, पण ‘तपासायला’ म्हणून लॉगिन आणि ओळखपत्राचा फोटोही मागून घेतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. ‘तुमच्या पेजवर कॉपीराइटची तक्रार आली आहे, चोवीस तासांत या लिंकवर उत्तर द्या’ असे मेसेज आणि मेलही याच जातीचे. मेल खरा वाटला तरी त्यातली लिंक दाबू नका. स्वतः बिझनेस सपोर्ट होम उघडा. तिथे काही नसेल तर तक्रारही नाही.

प्रश्न : अर्ज केला, नकार आला, आता ‘निर्णय अंतिम’ असं दिसतंय. सहा वर्षांची मेहनत होती. काही उरलंय का?

उरलंय, आणि ते आजच बघून ठेवा. अंतिम निर्णय फक्त अ‍ॅड अकाउंटबद्दल असेल तर पेज, इन्स्टाग्राम आणि त्यावरची माणसं तुमचीच आहेत. पोस्ट, रील, मेसेज चालू ठेवा. जाहिरातींचे अहवाल अजून उघडत असतील तर उतरवून घ्या. कोणती जाहिरात कुणाला आवडली हे ज्ञान कुठल्याही मंचावर कामाला येतं. ग्राहकांचे ईमेल आणि फोन नंबर त्यांच्या संमतीनं तुमच्या स्वतःच्या यादीत असतील तर ती यादी कुणी बंद करू शकत नाही. नसतील तर प्रत्येक नव्या ऑर्डरपासून ती सुरू करा. थकलेलं बिल मात्र भरून टाका, खातं बंद झालं म्हणून ते माफ होत नाही.

दुसऱ्या मंचावर जाहिरात सुरू करण्याआधी जुन्या जाहिराती आणि वेबसाइट त्या मंचाच्या नियमांशी ताडून बघा. आणि सुरुवातीपासून पोर्टफोलिओवर तुमच्याखेरीज आणखी एक विश्वासाचं माणूस, स्वतःच्या खऱ्या प्रोफाइलनं, पूर्ण अधिकारासह जोडून ठेवा. एकाचं प्रोफाइल अडकलं तर दुसऱ्याला निदान आत जाऊन काय झालंय ते बघता येतं.

तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये पेजपुढे हिरवी खूण आहे. म्हणजे पेज सुरक्षित आहे. शेवटची पोस्ट मात्र तीन आठवड्यांपूर्वीची दिसते. खाली अकरा जणांनी चौकशी केली आहे आणि एकालाही उत्तर गेलेलं नाही. आज तिथूनच सुरुवात करा.