फ्लॅट एकीच्याच नावावर नको

प्रश्न: मी आणि माझी जोडीदार, दोघी नोकरदार, बरीच वर्षं पुण्यात एकत्र राहतो. एकल पालक म्हणून मला मूल दत्तक घ्यायचं आहे. त्याआधी ९० लाखांचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घ्यायचा आणि त्यासाठी जोडीदाराने २५ लाखांची एफडी मोडून मला द्यायची, असं ठरतंय. बरोबर आहे का?

उत्तर: एफडी मोडा, पण पैसे तुमच्या खात्यात फिरवू नका. नवऱ्याने बायकोला कितीही रक्कम दिली तरी ती भेट करमुक्त असते. तुमची जोडीदार मात्र प्राप्तिकराच्या लेखी ‘नातेवाईक’ नाही. वर्षात ५० हजारांच्या वर गेलात की अख्खी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससह ७ लाख ८० हजार कर. वर फ्लॅटवर तिचं नावच नाही!

दोघींच्या नावावर घ्या. तिचे पैसे तिच्या खात्यातून थेट बिल्डरला जाऊ देत आणि करारनाम्यात कुणाचा हिस्सा किती ते लिहून घ्या. दोघीही स्त्रिया असल्यामुळे मुद्रांक शुल्कातली महिलांची १ टक्का सवलत टिकते, म्हणजे ९० हजार वाचतात. कर्जात नात्याबाहेरचा सहअर्जदार घ्यायला मात्र बऱ्याच बँका का-कू करतात, तेव्हा टोकन देण्याआधी मंजुरीपत्र हातात हवं. हप्ता एकीच्या पगारात निभेल एवढाच ठेवा.

दत्तकाची बाजू याहून नाजूक आहे. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी समलिंगी जोडप्यांना एकत्र दत्तक घेण्याची मुभा नाकारली. एकल स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, कुणीही दत्तक घेता येतं. पण लिव्ह-इनमधल्या अर्जदारांबाबत ‘कारा’चं, म्हणजे दत्तकविधानाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाचं, जून २०२२ चं परिपत्रक प्रतिकूल आहे. गृहभेटीत घरात कोण कोण राहतं ते विचारतातच. तिथे ‘रूममेट आहे’ म्हणून वेळ मारून नेऊ नका. अर्जाआधी वकील गाठा. या फीमध्ये काटकसर नको.

मूल आलं तरी कायद्याने ते एकट्या तुमचंच. तुमचं काही बरंवाईट झालं तर जोडीदाराला आपोआप ताबा मिळणार नाही, म्हणून मृत्युपत्रात तिला पालक नेमा. तिनेही आपला हिस्सा मृत्युपत्रानेच तुम्हाला किंवा मुलाला द्यावा, नाहीतर तो तिच्या आईवडिलांकडे जाईल. नुसत्या नॉमिनेशनवर विसंबू नका: फ्लॅटचा नॉमिनी मालक होत नाही. आणि पीएफला कुटुंब नसताना जोडीदाराचं नाव लावलं असेल, तर दत्तकविधान होताच ते रद्द ठरतं. त्याच आठवड्यात मुलाच्या नावाने नवं भरा.