खानापुरात बसून कारवारच्या किनाऱ्याचं मॉडेल जमेल का?

तुम्ही विचारलंय की एमएस्सी मॅथ्सच्या प्रोजेक्टला कारवारचा किनारा 50 वर्षांनी कुठे असेल हे समीकरणानं काढता येतं का, आणि बेळगावजवळच्या खानापुरात बसून ते जमेल का. जमेल की. फक्त 50 वर्षांनंतरची रेषा काढून दाखवतो असं गाईडला सांगू नका, किनारा कुठल्या बाजूला आणि कशामुळे सरकतोय एवढं नीट दाखवलंत तरी भरपूर झालं.

सुरुवात वन-लाइन मॉडेलनं करा, पेलनार-कॉन्सिडेर यांचं, 1956 सालचं. किनाऱ्याचा उतार तसाच राहतो आणि अख्खा किनारा मागंपुढं सरकतो असं धरायचं, मग उरतो फक्त वाळूचा जमाखर्च, एका पट्ट्यात लाटांनी किती आणली नि पुढं किती नेली. लाटा जवळजवळ सरळ येत असल्या की हे तुमचं पाठ असलेलं हीट इक्वेशनच होतं, उष्णता कशी पसरते ते सांगणारं, पुढं आलेला भाग झिजतो, खोलगट भरतो. खरी गंमत याच्या पुढं आहे बघा. वाळू वाहून न्यायचा जोर लाटांच्या कोनाबरोबर साधारण 45 अंशापर्यंत वाढतो आणि मग उतरतो, त्यामुळे खोल समुद्रातनं लाटा त्याहून तिरक्या आल्या तर डिफ्यूजनचा, म्हणजे वाळू पसरण्याचा, गुणांक चक्क निगेटिव्ह होतो आणि उंचवटा झिजायचा सोडून वाढत सुटतो! वाळूची लांब टोकं अशीच तयार होऊ शकतात हे अ‍ॅश्टन, मरे आणि आर्नो या संशोधकांनी 2001 मध्ये दाखवलं. मी असतो तर प्रोजेक्ट यावरच केला असता.

कारवार मात्र अवघड केस आहे. खडकाळ टेकड्या, बेटं, त्यात काळी नदीचं मुख, आणि नदीवर सुपा, कोडसळ्ळी, कद्रा ही धरणं, म्हणजे वाळू वरच अडते, ते बाउंड्री कंडिशनमध्ये, म्हणजे मॉडेलच्या कडेला घातलेल्या अटीत, धरावं लागेल. समुद्राची पातळी चढेल त्याच्या 50 ते 100 पट किनारा मागं जातो हा ब्रून या अभ्यासकाचा हिशेब इथं डोळे झाकून लावू नका, किनाऱ्याच्या कडेकडेनं वाळू येत-जात नाही असं त्यात गृहीत असतं.

डेटा लँडसॅट या सॅटेलाइटचा फुकट मिळतो, पण पिक्सेल 30 मीटरचा, वर्षाला दोन-चार मीटर सरकलेलं त्यात दिसणार नाही, म्हणून लांबचा काळ घ्या. आणि दरवर्षीचा फोटो एकाच महिन्यातला, शक्यतो फेब्रुवारीतला. आपण बेळगावकर समुद्र बघतो तो मे महिन्याच्या सुट्टीत, जूननंतर लाटा तीच वाळू समुद्रात ओढून नेतात आणि पाऊस सरल्यावर हळूहळू परत आणतात, हे लक्षातच येत नाही.

कोडिंग येत नसेल तर एक्सेल चालतं, फक्त डिफ्यूजनचा गुणांक गुणिले टाइम स्टेप (एका वेळी पुढं सरकायचा काळ) भागिले किनाऱ्यावरच्या दोन बिंदूंमधल्या अंतराचा वर्ग हे अर्ध्याच्या आत ठेवा, नाहीतर आकडे उधळतात. आधी 1990 ते 2005 च्या फोटोंवर गुणांक बसवून घ्या, मग 2020 ची रेषा न बघता काढा आणि सॅटेलाइटशी ताडा.