मुक्त बाजारवादी थिंक टँक्सचं (धोरणांचा अभ्यास करून मतं मांडणाऱ्या संस्थांचं) जाळं राजकारणावर प्रभाव कसा टाकतं?

निवडणूक न लढवता, हे थोडक्यात उत्तर.

सुरुवात ब्रिटनमधली. अँटनी फिशर यांना राजकारणात उतरायचं होतं. रीडर्स डायजेस्टमध्ये मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ फ्रीडरिक हायेक यांच्या पुस्तकाचा संक्षेप वाचून ते थेट त्यांना भेटायला गेले. हायेक म्हणाले, त्या फंदात पडू नका; आधी प्राध्यापक, पत्रकार, लेखक यांची मतं बदला, पुढारी मागून येतात. फिशर यांनी कोंबडीपालनाच्या धंद्यात पैसा कमावला आणि १९५५ मध्ये 'इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स' काढली. जवळपास पंचवीस वर्षं ती पुस्तिका छापत राहिली. १९७९ ला मार्गारेट थॅचर पंतप्रधान म्हणून सत्तेवर आल्या तेव्हा खासगीकरणाचे युक्तिवाद तयारच होते.

१९८१ मध्ये फिशर यांनीच अमेरिकेत अ‍ॅटलस ही संस्था काढली. नव्या संस्थांना बीजभांडवल, प्रशिक्षण, ओळखीपाळखी पुरवणं हे तिचं काम. आज तिच्याशी जोडलेल्या शेकडो संस्था जगभर आहेत. त्यामुळे एकच मत पाच देशांतून पाच 'स्वतंत्र' तज्ज्ञ मांडतात आणि वाचकाला ते सर्वमान्य वाटतं. खरी ताकद इथे आहे.

आपल्याकडे मुंबईत १९५६ मध्ये ए. डी. श्रॉफ यांनी 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज' स्थापन केला, तोही व्याख्यानं-पुस्तिकांच्याच वाटेने चालला.

विचार मांडायला माझी हरकत नाही. पण पैसा कुणाचा, हे सांगायलाच हवं. तंबाखू कंपनीच्या देणग्या घेऊन धूम्रपानावरच्या निर्बंधांना विरोध करणारी संस्था टीव्हीवर फक्त 'अभ्यासक' म्हणून बसते, ही फसवणूक आहे.