रायफल नंतर, आधी खुर्ची

व्हीलचेअरवरून पॅरा-नेमबाजी सुरू करताना रायफल कुठली घ्यावी हे विचारलंस, पण आधी वर्गीकरण, म्हणजे अपंगत्वानुसार तुझा गट ठरवून घे. बंदुकीचं वजन स्वतःच्या हातांवर पेलत असेल तर एसएच१ गट, स्टँडचा आधार लागणार असेल तर एसएच२. नेम दोन्हीकडे तितकाच बारीक: दहा मीटर रायफलच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम ०.५ मिलिमीटरचा असतो.

म्हणून खरा वेळ बसण्यावर घालव. खुर्चीची पाठ किती उंच चालेल हे धडावरच्या ताब्यावरून ठरतं. आरामशीर वाटली म्हणून उंच पाठीची बनवून घेतलीस तर तपासणीत अडकशील. ब्रेक लावूनही ती किंचित डुलते का, बघ. मग डोळे मिटून रायफल धर, दोन-तीन श्वास घे, डोळे उघड. नळी बाजूला गेली असेल तर हातांनी ओढून आणू नकोस, खुर्चीच वळव. ओढून आणलेला नेम सामन्याच्या साठाव्या गोळीपर्यंत टिकत नाही. (स्टँडिंग प्रकारात, बसून खेळलं तरी, कोपर टेकवता येत नाही. ती सवय आत्ताच लाव.)

छर्रा न भरता, ड्राय-फायरवर ट्रिगरचा सराव कर. कंटाळवाणा आहे खरा, पण माझ्या मते गोळ्या उडवण्यापेक्षा जास्त शिकवतो. नेमबाजीचं महागडं जॅकेट सध्या राहू दे.